घोड्याच्या घरातलं प्यादं

दिल्ली कॅन्टोन्मेंट
१८ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय आबा,

नमस्कार. हे पत्र मी तिसऱ्यांदा सुरू करते आहे. पहिल्या कागदावर नुसता नमस्कार लिहिला आणि उठून दूध तापवायला ठेवलं. दुसऱ्यावर चार ओळी झाल्या आणि उठून फाटकापर्यंत जाऊन आले. आई म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय का? बस की एका जागी." ती गहू निवडतेय आणि मधूनमधून माझ्याकडे बघतेय. पेपर आता उद्या सकाळशिवाय येणार नाही हे मला कळतं. रेडिओवर बुद्धिबळाची बातमी आलीच तर हवामानाच्या आधी अर्ध्या वाक्यात येते, आणि तीही रोज नाही. तरी सकाळपासून तीनदा रेडिओ लावून झाला. एकदा गव्हाचा भाव ऐकला, दोनदा भजनं.

तुमच्याकडे वर चौकीवर पेपर आठ-दहा दिवसांनी पोचतो, म्हणून आधी बातमी सांगते. नऊ डाव झाले, आणि आपला बर्डे आणि तो हंगेरियन, दोघांचे साडेचार-साडेचार गुण आहेत. दहावा आणि शेवटचा डाव काल सुरू झाला. चाळीस चालींनंतर वेळ संपली आणि डाव थांबवला. बर्डेनं पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करून पंचांच्या हाती दिली आहे. आज तिथे पाकीट फोडतील आणि डाव पुढे चालू होईल, बहुतेक मी हे लिहीत असतानाच. जो जिंकेल तो पुढच्या फेरीत. जगज्जेत्यासमोर बसायला त्यानंतरही तीन लढती आहेत, पण आपल्या देशातलं कुणी इथवरसुद्धा जाईल असं कुणाला वाटलं होतं? नागपूरच्या पोस्टात टपाल निवडणारा माणूस! आजच्या पेपरात त्याचा फोटो आहे. स्वेटर कोपरावर रफू केलेला दिसतो. आईनं फोटो बघितला आणि विचारलं, "याच्या घरी कोण आहे गं त्याला जेवायला घालणारं?" मला ते ठाऊक नाही.

थांबलेल्या डावाची मांडणी पेपरात छापली आहे, पण मला ती नीट कळत नाही. तुम्ही पट घेऊन गेलात ना, तेव्हापासून मी जमिनीवर खडूनं घरं आखते, आणि शेंगदाणे, बटणं, चिंचोके असं मांडते. संध्याकाळी आई केर काढते आणि डाव पुसला जातो. ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगानं तुम्ही आखलेला तो पट, आणि हरवलेल्या काळ्या उंटाच्या जागी रेडिओचा जुना सेल, याची इतकी सवय झाली आहे की कागदावर छापलेला उंट मला उंट वाटतच नाही.

फरीदाबादची बातमी अशी की गेल्या गुरुवारी मी पुन्हा शाळेत जाऊन आले. इथून दोन बस बदलून निजामुद्दीन आणि तिथून शटल गाडी. तुम्ही म्हणाला होतात, एवढ्या लांब पोरीची जात रोज कशी जाणार. आबा, त्या शटलमध्ये निम्म्या बायकाच असतात, डबे घेऊन कारखान्यात जाणाऱ्या. शाळा म्हणजे पत्र्याच्या तीन खोल्या. दुपारच्या पाळीत कामगारांची मुलं येतात. बिहारची, ओरिसाची, गढवालची, चार आपली सोलापूरकडची. एका वर्गात पाच भाषा. मुख्याध्यापिका सुनंदाताई आपल्या अमरावतीच्या, पण त्यांना आता हिंदीत राग येतो आणि मराठीत माया येते. त्यांनी मला सरळ वर्गात ढकललं, "पाढे घे." मी 'बे एके बे' सुरू केलं आणि सोलापूरची चौघं एकदम ओरडायला लागली. बाकीच्यांना वाटलं हे काही गाणं आहे. तासभरानं सगळा वर्ग मराठीत पाढे म्हणत होता. सुनंदाताई दारातून म्हणाल्या, "अच्छा! सरकारी अभ्यासक्रमात हे नाही हं, यार." मला हसू आलं, आणि मग एकाएकी रडू येईल असं वाटलं. घरात बी.ए. झालेली मी पहिली. त्या पदवीचं काय करायचं हे मला त्या पत्र्याखाली पहिल्यांदा कळलं. नेमणुकीचं पत्र माझ्या उशीखाली आहे. एक डिसेंबरला रुजू व्हायचं आहे.

हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या रजेत आपण यावर पंधरा दिवस भांडलो, म्हणजे मी बोलत राहिले आणि तुम्ही सायकल पुसत राहिलात. हिंमतरावकाकांचं पत्र आलं होतं, त्यांच्या उल्हासचं आणि माझं लग्न वैशाखात उरकून टाकू म्हणून. उल्हास वाईट आहेत असं मी कधीच म्हटलं नाही. मागच्या उन्हाळ्यात गावी त्यांनी स्वतः मला विहिरीवरचा पंप कसा चालतो ते दाखवलं होतं, आणि दाखवताना एकदाही 'तुला कळणार नाही' म्हणाले नाहीत. पण मला आत्ता जायचं नाही आबा. दोन वर्षं तरी मला त्या पत्र्याखाली उभं राहायचं आहे.

मग तो पंचवीस ऑक्टोबरचा शनिवार. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं तुम्ही निघणार होतात, दिवाळी आठवड्यावर असताना. आईला ट्रंक भरायची होती आणि आपण झाकणावर पट मांडून बसलो होतो. चौथा डाव थांबला होता, आणि पेपरातली मांडणी तुम्ही एकेक मोहरं ठेवून लावलीत. पटावर फारसं काही उरलंच नव्हतं. दोघांचे राजे, हंगेरियनाची दोन प्यादी, बर्डेची दोन. त्यातलं एक घोड्याच्या पट्टीतलं, शेवटच्या घरापासून दोन पावलांवर, आणि त्याला अडवायला हंगेरियनाचा राजा फार लांब. आई कपड्यांची चळत घेऊन उभी, "आधी ते लाकडी लष्कर उचला, मग खऱ्या लष्कराची ट्रंक भरते." तुम्ही पटाकडे बघत होतात आणि मी तुमच्याकडे. तेवढ्यात माझ्या तोंडून पुन्हा शाळेचं नाव निघालं. तुम्ही वैतागून म्हणालात, "हे बघ द्वारके. हा डाव बरोबरीत सुटतोय, शेंबडं पोरही सांगेल. बर्डेनं हा जिंकून दाखवला तर तू जा त्या शाळेत. हिंमतरावाला मी स्वतः लिहीन, दोन वर्षं थांब म्हणून. आणि नाही जिंकला तर वैशाखात मुकाट्यानं बोहल्यावर उभं राहायचं." आई चिडली, "पोरीचं लग्न काय डावावर लावता?" तुम्ही हसलात, "डाव कसला, संपलाय तो." आणि मी म्हटलं, "ठरलं."

मी ते जरा लवकरच म्हटलं, आबा. तुमच्या लक्षात आलं नसेल.

पहाटे पेपरवाला यायच्या आत तुमची गाडी सुटली. पेपर आला तेव्हा मी पायरीवरच बसले होते. बर्डे जिंकला होता. मी तुम्हाला अंतर्देशीय पत्रावर तेवढंच लिहिलं, 'चौथा डाव बर्डेनं जिंकला', आणि खाली आईचा निरोप, की लोकरीचे मोजे ट्रंकेत डाव्या कोपऱ्यात आहेत. चाली लिहिल्या नाहीत. जागा नव्हती असं मी स्वतःला सांगितलं. जागा होती. मोज्यांचा निरोप मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिला होता.

तुमचं उत्तर बुधवारी आलं. तुम्ही लिहिलं होतं, 'शब्द दिला तो दिला. हिंमतरावाला लिहिलं, काय झालं ते खरं खरं लिहिलं. तू शाळेत जा. पण बर्डेच्या चाली पाठव, घोड्यानं डाव कसा काढला ते काही कळत नाही.' मी ते पत्र वाचून घडी घातली, पुन्हा उघडलं, पुन्हा घडी घातली. मला जे हवं होतं ते सगळं त्यात होतं, आणि मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं. शनिवारी हिंमतरावकाकांचं पत्र आईच्या नावानं आलं. चारच ओळी. 'मारुतरावाचा शब्द वीस वर्षांत फिरलेला पाहिला नव्हता. बुद्धिबळाच्या पायी फिरला. आमचं काही म्हणणं नाही. वहिनींनी वाईट वाटून घेऊ नये.' आईनं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. वाचून झाल्यावर ती भाजी चिरायला बसली.

आणि काल तुमचं दुसरं पत्र आलं. ते वाचताना मी हसले, खोटं कशाला सांगू. तुम्ही सगळ्या पलटणीला कामाला लावलंत. लान्स नाईक बळवंत दोन दिवस तुमच्या ट्रंकेसमोरून हलला नाही. हातमोजे घातले तर मोहरी पडतात, काढले तर बोटं वळत नाहीत. सुभेदारसाहेब येऊन बसले, घोडा चारी बाजूंनी नाचवून गेले आणि जाताना म्हणाले, "मारुतराव, तुमचा बर्डे माणूस नाही, जादूगार आहे." लंगरातला स्वयंपाकी म्हणे रोज विचारतो, घोडा पोचला का? आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, 'पोरी, साठ चाली खेळून बघितल्या, डाव बरोबरीतच सुटतो. आम्ही अडाणी माणसं. आमच्या डोक्याच्या बाहेरचं काहीतरी त्याला दिसलं असणार. तू शिकलेली आहेस, तूच समजावून सांग.' आईला हे वाचून दाखवलं तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. "तू काय केलंयस गं?" म्हणाली. तिला बुद्धिबळातलं काही कळत नाही, पण मी कळते. तिला मी सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "त्या माणसाला तिथं बर्फात घोडा नाचवायला लावलंस?"

आता सांगते. मी आठ वर्षांची असताना माझं प्यादं पहिल्यांदा पार पोचलं होतं. टाळ्या पिटून मी वजीर मागितला, तर तुम्ही म्हणालात, "असा मागून मिळत नाही, पोरी. प्यादं ज्या घरात पोचतं त्या घरचं मोहरं होतं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. तुझं उंटाच्या घरात आलंय, तुला उंट." का, असं विचारलं तर म्हणालात, "रीत आहे." मी रुसून उंट घेतलाच नाही, तसंच हरले. तुम्हाला हे तुमच्या आजोबांनी गावच्या देवळात शिकवलं, तुम्ही ते पलटणीत नेलं, आणि पलटणीत सगळे आपल्याकडचेच असल्यामुळे कुणी दुसरं काही सांगितलं नाही. बाहेरच्या खेळाचा नियम तसा नाही, आबा. तिथे प्यादं कुठल्याही पट्टीतून शेवटच्या घरात पोचलं की खेळणाऱ्यानं मागावं ते मोहरं त्याला मिळतं, फक्त राजा सोडून. बर्डेनं घोडा घेतलाच नाही. त्यानं वजीर मागितला. वजीर पटावर आल्यावर त्या हंगेरियनानं आणखी दोन चाली केल्या आणि हात पुढे करून डाव सोडला. त्यात जादू काहीच नव्हती. शनिवारी आपण पट मांडला तेव्हाच तो डाव जिंकलेला होता, आणि मला ते दिसत होतं.

मला हा नियम चार वर्षांपासून ठाऊक आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वाचनालयात एक जुनं पुस्तक मिळालं, त्यात वाचला. तीनदा वाचला, पुस्तक परत केलं, बाहेर गेले, हिरवळीला एक फेरी मारली आणि तेच पुस्तक पुन्हा घेतलं. तुम्ही त्या महिन्यात रजेवर आला होतात. सांगायचं ठरवूनच मी घरी आले, तर तुम्ही शेजारच्या क्वार्टरमधल्या पोरांना ट्रंकेभोवती बसवून शिकवत होतात, "घोड्याच्या घरात गेलं तर घोडा." सगळी माना हलवत होती. मला नाही सांगवलं. तुम्ही सहावीत शाळा सोडली, आणि ओव्हरटाइमसारख्या ड्यूट्या मागून घेऊन मला कॉलेजात घातलंत. पहिल्याच वर्षी मी येऊन तुमची चूक काढायची? म्हणून गप्प बसले. पुढेही बसले. दर रजेत घोड्याच्या घरात पोचून घोडा घेत राहिले आणि तुमच्याकडून हरत राहिले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. खरंच नाही.

पण त्या शनिवारचं गप्प बसणं तसलं नव्हतं. तुम्ही चुकता आहात हे मला कळलं, आणि त्या चुकीवर तुम्ही शब्द देता आहात हेही कळलं, आणि मी घाईनं 'ठरलं' म्हटलं, तुम्ही पुन्हा विचार करायच्या आत. मी मुलांना खरं बोलायला शिकवणार आहे म्हणते. सुनंदाताईंच्या टेबलासमोर बसून मी मोठमोठ्या गोष्टी बोलून आले, शिक्षणानं माणूस कसा सरळ होतो वगैरे. त्या ऐकून घेत होत्या. मग परतीच्या शटलमध्ये खिडकीजवळ बसले आणि मला माझाच आवाज ऐकवेना. मी चिरडीला आले होते, आबा, घाबरले होते, ते खरं. पण तुम्ही मला सरळ 'नाही' म्हणत होतात आणि मी तुम्हाला फसवलं. आणि तुम्ही काय केलंत? 'काय झालं ते खरं खरं' काकांना लिहिलंत.

आता पत्र का लिहिलं ते. तुमचा शब्द मी तुम्हाला परत करते आहे. पैज झालीच नव्हती असं समजा. हिंमतरावकाकांनाही आज वेगळं पत्र लिहिलं आहे, की आबांनी शब्द फिरवला नाही, मी तो फसवून काढून घेतला. सुनंदाताईंना काल पोस्टातून फोन करून पंधरा दिवस थांबाल का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "जागा धरून ठेवते असं वचन देत नाही हं, मुलं थांबत नाहीत." जाईल तर जाईल. तुमचं उत्तर आल्याशिवाय मी रुजू होणार नाही. आणि आता पैजेशिवाय, पटाशिवाय, तुमची मुलगी म्हणून विचारते, मला तिथे शिकवायला जाऊ द्याल का? तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा लिहीन, आणि त्यानंतर पुन्हा. भांडेन, पण समोरून. बर्डेचं पाकीट तिकडे फुटलं असेल. माझं मी आत्ताच चिकटवते. उद्याचा पेपर बघून लिहिलं असतं तर तो जिंकला म्हणून हिंमत केली किंवा हरला म्हणून खचले, असं काहीतरी त्यात शिरलं असतं. पाच वाजता पेटी उघडतात, त्याआधी टाकून येते. चौथ्या डावाच्या सगळ्या चाली मागच्या कागदावर लिहिल्या आहेत. थंडीला जपा, मोजे डाव्या कोपऱ्यातच आहेत. आणि बळवंतदादांना सांगा, आता तो घोडा खाली ठेवा. त्या घरात वजीर ठेवून एकदा खेळून बघा.

तुमचीच,
द्वारका